लातूरला टँकरच्या पाण्यावर गोल्डफिश पाळलाय. कल्ल्यांवर पांढरे ठिपके आलेत, अंग दगडाला घासतो. दुकानातलं निळं औषध चार दिवस घातलं, फरक नाही. काय करू?

औषध तूर्त थांबवा आणि ठिपके नेमके कुठे आहेत ते बघा. मासा टबात घ्या, वरून मोबाइलची बॅटरी तिरपी मारा. ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीजवळच्या परांच्या पुढच्या कडेला, ओळीने बसल्यासारखे असतील आणि मासा नीट खात असेल, तर तो रोगच नाही. वयात आलेल्या नराला विणीच्या दिवसांत असे दाणे येतात आणि आपोआप जातात. मला हे माहीत नव्हतं. धडधाकट नराला मी आठवडाभर निळं औषध दिलं. त्यात फिल्टरमधले उपयोगी जीवाणू मेले, अमोनिया वाढला आणि मासा गेला. अजून वाईट वाटतं.

शेपटीवर, पाठीवर, कुठेही मीठ भुरभुरल्यासारखे कण असतील तर मात्र ती इक, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आहे. हा परजीवी माशाच्या कातडीखाली बसतो, तिथे औषध पोचत नाही. पोट भरलं की तो गळून तळाला चिकटतो, एकाचे शेकडो होतात, आणि ती पिल्लं नवा मासा शोधत पाण्यात फिरतात तेवढ्याच वेळात औषधाने मरतात. २५ अंशांच्या आसपास हा फेरा साधारण आठवड्याचा, थंडीत बराच लांबतो. म्हणून चार दिवसांत फरक दिसत नाही, आणि ठिपके गेल्यावरही उपचार आठवडाभर चालू ठेवावे लागतात. मी खडे मीठ वापरतो: लिटरला एकूण ३ ग्रॅम, दीड-दोन दिवसांत तीन हप्त्यांनी, विरघळवून. झाडं आधी काढा, हवेचा पंप बंद करू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी असतो.

आता घासण्याचं. टँकरच्या पाण्यात बऱ्याचदा टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर असते. क्लोरीननेही मासा असाच घासतो, अमोनियानेही. दोन्हींच्या चाचणीचं किट मिळतं, आजच बघा.

पाणी ठीक आहे, ठिपके नाहीत, तरी घासतोय, एका बाजूचा कल्ला मिटून धरतोय? मग फ्लूकचा संशय घ्या. हे कृमी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. कातडीवरचा बुळबुळीत थर किंचित खरवडून काचपट्टीवर घेतला की मायक्रोस्कोपखाली त्यांचे हुकासारखे आकडे दिसतात. कल्ल्यांतला फ्लूक, डॅक्टायलोगायरस, अंडी घालतो आणि अंड्यांना औषध लागत नाही, त्यामुळे प्राझिक्वांटेल या कृमींवरच्या औषधाचा डोस काही दिवसांनी पुन्हा द्यावा लागतो.

तुमच्याच जिल्ह्यात उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तिथे आधी फोन करून विचारा. मासा न्यायचा तर जिवंत न्या, टाकीतल्याच पाण्यात. मेलेल्या माशावरून बरेच परजीवी काही तासांतच निघून जातात, मग काचपट्टीवर काही सापडत नाही.