माझ्याकडे पास, सीआयवर फेल

प्रश्न: एका ओपन-सोर्स पायथन प्रकल्पाला पहिलीच पुल रिक्वेस्ट (माझा बदल त्यांच्या कोडमध्ये घेण्याची विनंती) पाठवली. लॅपटॉपवर सगळ्या टेस्ट पास होतात, गिटहब अ‍ॅक्शन्सवर (गिटहबची सीआय, म्हणजे बदल आला की आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा) मात्र चार फेल. त्यांतल्या दोन टेस्टचा माझ्या बदलाशी काही संबंधच दिसत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर: लॉगच्या शेवटच्या ओळीवर वेळ घालवू नका, तिथे नुसतं ‘एक्झिट कोड १’ असतं. वर जाऊन सर्वांत आधी पडलेली टेस्ट शोधा. नंतरच्या कित्येकदा तिच्यामुळेच पडलेल्या असतात. मॅट्रिक्समधले (त्याच टेस्ट वेगवेगळ्या आवृत्त्यांवर किंवा सिस्टिमवर चालवणाऱ्या जॉबच्या संचातले) बाकीचे जॉब ‘कॅन्सल्ड’ दिसले तर ते वेगळे दोष नव्हेत. एक जॉब पडला की उरलेले थांबवायचे, ही तिथली मूळ सेटिंगच आहे.

आता तीच टेस्ट मेन शाखेवरही (प्रकल्पाच्या मुख्य कोडवर) पडते का ते पाहा. पडत असेल तर पुल रिक्वेस्टमध्ये तसं एका ओळीत लिहा. दुरुस्ती जमली तर ती वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये द्या, एकाच ठिकाणी कोंबू नका.

मेनवर पास होत असेल तर एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: पुल रिक्वेस्टची तपासणी सहसा नुसत्या तुमच्या शाखेवर होत नाही, शाखा आणि मेन यांच्या मर्जवर, म्हणजे दोन्ही एकत्र केलेल्या कोडवर होते. शाखा जुनी असेल तर लॅपटॉपवरचा कोड आणि सीआयवरचा कोड वेगळाच. ताजी मेन आपल्या शाखेत मर्ज करा आणि पुन्हा चालवा. मेनवर नंतर दुरुस्ती झाली म्हणून ‘री-रन’ दाबून उपयोग नाही, तो जुन्याच कमिटवर (कोडच्या आधी नोंदवलेल्या स्थितीवर) चालतो. नवा पुश लागतो, म्हणजे कोड पुन्हा गिटहबवर पाठवावा लागतो.

तरीही लॅपटॉपवर पास? मग कोरं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजेसची स्वतंत्र जागा) बनवा, लॉगमध्ये दिसते तीच पायथनची आवृत्ती घ्या, आणि दोन्हीकडच्या ‘पिप फ्रीझ’चा (बसवलेल्या पॅकेजेसची आवृत्तीसह यादी) डिफ काढा, म्हणजे फरक पाहा. आवृत्ती बांधून न ठेवलेली एखादी डिपेंडन्सी (प्रकल्पाला लागणारं बाहेरचं पॅकेज) मध्येच पुढे सरकलेली असते, आणि संबंध नसलेल्या टेस्ट पडतात त्या बहुधा यामुळेच. तिथेही काही सापडलं नाही तर फाइलच्या नावातली कॅपिटल-स्मॉल अक्षरं तपासा (लिनक्सला फरक पडतो, विंडोज आणि मॅकला सहसा नाही) आणि टाइमझोन यूटीसी ठेवून चालवून पाहा. फोर्कवरून (तुमच्या खात्यातल्या प्रकल्पाच्या प्रतीवरून) आलेल्या पुल रिक्वेस्टला प्रकल्पाची सीक्रेट्स (पासवर्ड, टोकन अशा गुप्त गोष्टी) मिळत नाहीत, त्यामुळे टोकन मागणारी टेस्ट तुमच्या बाजूने सुधारण्यासारखी नसते. आणि वर्कफ्लोच्या यॅमल फाइलमध्ये (सीआयने काय चालवायचं ते लिहिलेली फाइल) पायथन ३.१० अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं, तर ते ३.१ म्हणून वाचलं जातं!

प्रश्न: एक टेस्ट कधी पास होते, कधी फेल. दुरुस्ती केली, दहा वेळा चालवली, दहाही वेळा पास. झालं का काम?

उत्तर: नाही. वीसात एकदा पडणारी टेस्ट काहीही न सुधारता सलग १० वेळा पास होण्याची शक्यता सुमारे ६० टक्के असते. १०० वेळा चालवा, म्हणजे ती एका टक्क्याखाली येते. दुरुस्तीआधीही तेवढ्याच वेळा चालवून टेस्ट पडते हे पाहून ठेवा, नाहीतर काय सुधारलं ते कळणारच नाही.

एकटी चालवल्यावर कधीच पडत नसेल तर संशय क्रमावर घ्या. आधीच्या टेस्टने एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलून तसंच सोडलेलं असतं, किंवा मॉड्यूलमधल्या कॅशमध्ये काहीतरी ठेवलेलं असतं. पायटेस्टच्या (पायथनमध्ये टेस्ट चालवणारं साधन) मंकीपॅच या सोयीने व्हेरिएबल बदललं तर टेस्ट संपताच ते आपोआप पूर्ववत होतं. क्रम मुद्दाम उलटसुलट करण्यासाठी पायटेस्ट-रँडमली हे प्लगिन वापरा. ते लॉगमध्ये सीड (क्रम ज्यावरून ठरतो तो आकडा) छापतं, तोच सीड दिला की पडलेला क्रम जसाच्या तसा मिळतो.

एकटीही पडत असेल तर ‘स्लीप’ शोधा. ‘अर्धा सेकंद थांब, मग तपास’ हे सीआयच्या गर्दीच्या यंत्रावर टिकत नाही, आणि अर्ध्याचे दोन सेकंद करणं म्हणजे दुखणं पुढे ढकलणं. दर ५० मिलिसेकंदांनी अट तपासा, जास्तीत जास्त १० सेकंद वाट पाहा. अट पुरी होताच पुढे जा. टेस्ट सर्व्हरला ठरावीक पोर्ट देऊ नका; पोर्ट ० दिला की ऑपरेटिंग सिस्टिम मोकळा शोधून देते. सेटमधल्या स्ट्रिंगच्या क्रमावर विसंबलेली तुलना असेल तर आधी सॉर्ट करा, कारण पायथनमध्ये तो क्रम दर रनला बदलू शकतो.

प्रश्न: एकही टेस्ट फेल दिसत नाही, तरी जॉब कोड १३७ देऊन थांबतो.

उत्तर: १२८ अधिक ९, म्हणजे प्रोसेसला सिगकिल (क्रमांक ९ चा सिग्नल, तिला जबरदस्तीने थांबवणारा) मिळाला. बहुतेक वेळा मेमरी संपलेली असते. टेस्ट समांतर चालत असतील तर वर्करची (एकाच वेळी टेस्ट चालवणाऱ्या प्रोसेसची) संख्या २ वर आणून पाहा.