‘दऱ्या’ लिहिले की ‘दर्या’ दिसते: बग कुठे आणि कसा कळवावा?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते आणि प्रश्नपत्रिका एका मुक्तस्रोत प्रोग्रॅममध्ये तयार करते. ‘दऱ्या’ हा शब्द त्यात ‘दर्या’ असा दिसतो आणि मुले दरीऐवजी समुद्र समजतात. प्रकल्पाच्या बग-नोंदींमध्ये, म्हणजे प्रोग्रॅममधील चुका कळवण्याच्या यादीत, मी ‘मराठी नीट दिसत नाही’ असे कळवले, तर ‘अधिक माहिती हवी’ एवढाच शेरा मिळाला. माझे काय चुकले?
— एक शिक्षिका, सांगली

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे आणि तो शेरा म्हणजे नकार नव्हे. नोंद तपासणाऱ्या व्यक्तीला बहुधा मराठी वाचता येत नाही. त्यामुळे ‘नीट’ म्हणजे कसे, हे तिला आपणच दाखवायला हवे. बग-रिपोर्टची खरी कसोटी एकच असते: आपल्या संगणकावर घडलेली चूक दुसऱ्याला त्याच्या संगणकावर जशीच्या तशी घडवून पाहता आली पाहिजे.

प्रथम आपण नेमके काय टाइप केले, ते पाहावे. समुद्र या अर्थाच्या ‘दर्या’मध्ये साधा ‘र’ असतो (युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत ०९३०) आणि त्याचा रफार होतो. ‘दऱ्या’मध्ये बहुतेक मराठी कळफलक ‘ऱ’ (०९३१) वापरतात, ज्याची ‘य’च्या अलीकडे आडवी वळणदार रेघ होते. हीच रेघ साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा ‘झीरो विड्थ जॉइनर’ जोडूनही मिळते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे असते. म्हणून शब्दाचे नुसते चित्र पुरेसे नाही. तो एकच शब्द असलेली छोटी फाइल सोबत जोडावी आणि तो कसा दिसायला हवा, याचे चित्रही द्यावे.

त्यानंतर तोच शब्द दुसऱ्या फॉन्टमध्ये आणि तोच फॉन्ट दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये पाहावा. ही दहा मिनिटांची तपासणी फार मोलाची आहे. लिब्रेऑफिस या मुक्तस्रोत ऑफिस-प्रोग्रॅमने २०१७ मध्ये आलेल्या ५.३ या आवृत्तीपासून सर्व संगणक-प्रणालींवर अक्षरजुळणीसाठी, म्हणजे अक्षरे जोडून योग्य आकार निवडण्यासाठी, ‘हार्फबझ’ या सॉफ्टवेअरचा वापर सुरू केला, आणि संगणकावरील फायरफॉक्स व क्रोम हेही तेच वापरतात, तेव्हा एकाच फॉन्टमध्ये सगळीकडे तीच चूक दिसली, तर पहिला संशय फॉन्टवर घ्यावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेल्या ‘मुक्ता’सारख्या मुक्त परवान्याच्या फॉन्टचे स्वतंत्र प्रकल्प असतात, आणि फॉन्टमधील दोष तिथेच कळवावा लागतो.

रिपोर्टच्या शीर्षकात ‘अमुक फॉन्टमध्ये ऱ + य ऐवजी रफार दिसतो’ इतके नेमके लिहावे. प्रोग्रॅमची पूर्ण आवृत्ती, संगणक-प्रणाली, फॉन्टची आवृत्ती आणि कृतीच्या पायऱ्या द्याव्यात. पूर्वीच्या आवृत्तीत हा शब्द नीट दिसत असल्यास ती आवृत्ती अवश्य सांगावी, कारण त्यावरून कोणत्या बदलाने चूक शिरली, ते शोधून काढता येते. दोष फॉन्टचा नसून प्रोग्रॅमचा असल्यास नवी नोंद करण्याची गरज नाही. जुन्याच नोंदीवर ही माहिती भरावी.

प्रश्न : मला सी++ येते. लिब्रेऑफिसला कोड द्यायचा असल्यास सुरुवात कशी करावी?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : मोठी नवी सुविधा मनात असली, तरी आरंभ तिथून करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. नवागतांसाठी निवडलेली ‘ईझी हॅक’ नावाची कामे प्रकल्पाच्या बग-नोंदींच्या संकेतस्थळावर, म्हणजे बगझिलावर, असतात. त्यांतले एक घ्यावे आणि आधी प्रोग्रॅम स्वतःच्या संगणकावर बिल्ड करून, म्हणजे मूळ कोडपासून तयार करून, पाहावा, ज्याला पहिल्या वेळी पुष्कळ वेळ लागतो. आपला कोड प्रकल्पाच्या परवान्यांखाली देत असल्याचे निवेदन एकदा पाठवावे लागते. पॅच, म्हणजे कोडमधील आपला बदल, गेरिट या कोड-तपासणीच्या संकेतस्थळावर जातो आणि तिथे अनुभवी मंडळी तो ओळीओळीने तपासतात. त्यांनी बदल सुचवल्यास नवा पॅच सुरू न करता तोच कमिट (नोंदवलेला बदल) सुधारून, त्याची ओळख असलेला चेंज-आयडी तसाच ठेवून, पुन्हा पाठवावा.

कमिटच्या संदेशात बगचा क्रमांक लिहायला विसरू नये. पॅच स्वीकारला गेला की त्या बगच्या नोंदीवर आपोआप टीप पडते. मग बग कळवणारी व्यक्ती, जी वरच्यासारखी एखादी शिक्षिकाही असू शकेल, रोज तयार होणारी चाचणी-आवृत्ती उतरवून आपला शब्द आता बरोबर दिसतो का, ते स्वतः पाहू शकते.