बोटीने बेटावर जाताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

हिवाळी सहलींसाठी अंदमानची तिकिटं काढलेल्या बऱ्याच वाचकांनी या महिन्यात पत्रं पाठवली आहेत. सकाळी बोटीने बेटावर जायचं, प्रवाळ बघायचं आणि संध्याकाळी परत यायचं, या एका दिवसाबद्दलचे प्रश्न इथे घेतले आहेत.

आई-बाबा सत्तरीच्या पुढचे, आम्ही दोघं आणि सात वर्षांची मुलगी. जॉली बॉय किंवा एलिफंट बीच, यांपैकी एकच जमेल. कुठे जावं? (कोल्हापूर)

तुमच्या घरच्या वयांचा विचार करता आमचं मत जॉली बॉयकडे झुकतं. हे बेट महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं. उद्यानाची स्थापना 1983 साली झाली आणि त्यात 15 बेटं आहेत. पोर्ट ब्लेअरहून (2024पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम) गाडीने वांडूरला जायचं आणि तिथल्या जेटीवरून मोठी बोट धरायची. खारफुटीच्या बेटांमधून जाणारा हा तासाभराचा प्रवास बराचसा शांत पाण्यातला असतो. बेटाला धक्का नाही. मोठी बोट जरा लांब थांबते आणि काचेच्या तळाच्या छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेतात. याच होडीतून प्रवाळही दिसतं, म्हणजे आई-बाबांना अंग न भिजवता तो पाहता येतो.

अवघड भाग चालण्याचा नाही, चढण्या-उतरण्याचा आहे. दोन्ही होड्या हलत असतात आणि शेवटी गुडघाभर पाण्यात पाय टाकून वाळूवर यावं लागतं. गुडघे दुखत असतील तर हातातलं सगळं सामान आधी दुसऱ्याकडे द्यावं, दोन्ही हात मोकळे ठेवावेत, होडी वर येत असताना नव्हे तर क्षणभर स्थिरावली की पाऊल टाकावं, आणि खलाशाचा पंजा न धरता मनगट धरावं. ओला पंजा निसटतो.

एलिफंट बीच हॅवलॉकवर (आता स्वराज द्वीप) आहे. तिथल्या जेटीवरून स्पीडबोटीने पंधरा-वीस मिनिटांत पोहोचता येतं, पण लाटेवर आपटत जाणाऱ्या त्या बोटीत पुढच्या बाकावर बसणाऱ्याच्या कमरेला चांगले दणके बसतात. मणक्याचा त्रास असलेल्यांनी मागे बसावं. रस्त्यावरून जंगलातली पायवाटही आहे. ती साधारण दोन किलोमीटरची असून पावसानंतर चिखलाची होते. तुमचा हॅवलॉकला मुक्काम ठरलेलाच असेल तर एलिफंट बीच सोयीचा. तिथे पाण्यातले खेळ जास्त आणि गर्दीही जास्त, एवढं लक्षात ठेवा.

जॉली बॉय ठरवलंत तर पुढच्या गोष्टी आधी बघा. उद्यान सोमवारी बंद असतं, त्यामुळे विमानाची तिकिटं काढतानाच वार मोजा. पावसाळ्यात जॉली बॉय बंद ठेवून पर्यटकांना रेड स्किन बेटावर नेतात, म्हणजे एका जागच्या प्रवाळाला विश्रांती मिळते. वन खात्याचा परवाना लागतो आणि बोटीचं तिकीट त्याहून वेगळं असतं. सगळ्यांची मूळ ओळखपत्रं जवळ असू द्या. सहल-कंपनीला एक प्रश्न नेमका विचारा: काचेच्या होडीची फेरी किती मिनिटांची आणि ती पैशांत धरलेली आहे का? बऱ्याचदा किनाऱ्यावर सोडतानाची छोटी फेरी धरलेली असते. प्रवाळ नीट दाखवणाऱ्या लांब फेरीचे आणि स्नॉर्केलिंगचे (डोळ्यांवर मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून, पाण्यावर तरंगत खालचं बघण्याचे) पैसे तिथे वेगळे मागतात.

वांडूरला पिशव्या तपासतात. बेटावर प्लॅस्टिक टाकून यायला सक्त मनाई आहे, म्हणून पाण्याच्या बाटल्यांची अनामत घेतात आणि परतताना बाटली दाखवली की पैसे परत मिळतात. बिस्किटांचे पुडे, वेफर्सच्या पिशव्या खोलीवरच ठेवा. बेटावर दुकान नाही. दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गुळपोळी असं न नासणारं स्टीलच्या डब्यात घ्या. दहीभात नको, उन्हात तो लवकर आंबतो. पाणी माणशी किमान दोन लिटर हवं. शौचाला वांडूरलाच जाऊन घ्या, बेटावरच्या सोयीचा भरवसा धरू नका.

आणि घड्याळ महाराष्ट्राच्या सवयीने लावू नका. अंदमान बरंच पूर्वेला असूनही घड्याळ आपलंच चालतं. डिसेंबरात तिथे सूर्य पाच-सव्वापाचला मावळतो. त्यामुळे बोटी सकाळी लवकर सुटतात आणि दुपारी परत फिरतात. आठच्या सुमारास जेटीवर हजर असलेलं बरं. उशिरा येणाऱ्यांसाठी बोट थांबत नाही.

परत आल्यावर वांडूरच्या खाडीत किंवा खारफुटीजवळ पाय बुडवायला मुलीला सोडू नका. तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. इशाऱ्याचे फलक आहेत ते खरोखर त्यासाठीच.

मला एस.टी. लागते, तर बोट नक्कीच लागणार. गोळी कधी घ्यावी? (सातारा)

बहुतेक जण गोळी उलटीसारखं वाटायला लागल्यावर घेतात, आणि तिथेच चुकतं. मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं आणि गोळी नुसती पोटात पडून राहते. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या दोन गोळ्यांपैकी ॲव्होमिन बोट सुटण्याच्या एक ते दोन तास आधी आणि सिनारिझिन साधारण दोन तास आधी घ्यावी लागते. दोन्हींनी झोप येते, ॲव्होमिनने जास्त. म्हणून आदल्या एखाद्या दिवशी घरी घेऊन बघा. ज्यांना प्रोस्टेट किंवा काचबिंदूचा त्रास आहे त्यांनी ॲव्होमिन, आणि पार्किन्सनच्या रुग्णांनी सिनारिझिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मुलांचा डोसही डॉक्टरांनीच ठरवावा. दोन वर्षांखालच्या बाळांना ॲव्होमिन देतच नाहीत.

उपाशी जाणं ही दुसरी चूक. रिकाम्या पोटात आम्ल साचतं आणि मळमळ वाढते. निघण्याआधी तासभर कोरडं, कमी तेलाचं काहीतरी खा: भाकरीचा तुकडा, टोस्ट, केळं. वडा-सांबार परतल्यावर. जागा बोटीच्या मध्याजवळ आणि खालच्या बाजूला घ्या, कारण तिथे हेलकावा सर्वांत कमी असतो. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, तो सर्वांत जास्त. नजर क्षितिजावर ठेवा. डोळ्यांना स्थिर बाक दिसतो आणि कानातला तोल मात्र हलतंय असं सांगतो. या दोघांचं जमत नाही म्हणून बोट लागते. मोबाईलमध्ये मान घातली की पाच मिनिटांत त्रास सुरू. इंजिनाच्या धुराकडून दूर बसा. आल्याची वडी चघळायला हरकत नाही, पण ती गोळीच्या जोडीला. आणि उलटी आलीच तर वारा ज्या दिशेने वाहत जातो त्या बाजूला वाका, वाऱ्याकडे तोंड करून नको.

पोहता येत नाही, चष्मा आहे आणि मिशाही आहेत. स्नॉर्केलिंग जमेल का? (नाशिक)

जमेल. पोहणं न येणाऱ्यांना मार्गदर्शक फुगवलेल्या टायरला धरून नेतो, तुम्ही फक्त तोंड पाण्यात घालून बघायचं. पण एका मार्गदर्शकाबरोबर एका वेळी दोनपेक्षा जास्त नवखे नकोत, हे पाण्यात उतरण्याआधी बोलून घ्या.

मास्क निवडताना पट्टा डोक्यावर न चढवता तो चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर मापाचा, गळून पडला तर दुसरा मागा. पट्टा करकचून आवळल्याने गळती थांबत नाही, उलट कडा मुडपून पाणी जास्त शिरतं. मिशीखालून पाणी येतं ते नाकाखालच्या कडेतून. तिथली एक रेघ केस बारीक केले किंवा त्यावर पेट्रोलियम जेलीचा जाड थर दिला तर फट बुजते. केसांची एखादी बट कडेखाली अडकली तरी तेच होतं, म्हणून लांब केस मागे बांधा.

चष्म्यावर मास्क बसत नाही, काडीमुळे कड उघडी राहते. नंबरच्या काचेचा मास्क विकत मिळतो. नंबर दोनच्या आत असेल तर चष्म्याशिवायही बरंच दिसतं, कारण पाण्यात वस्तू सुमारे पाव भाग जवळ आणि एक-तृतीयांश मोठी भासते. कॉन्टॅक्ट लेन्स घालणार असाल तर एका दिवसाच्याच वापरा आणि बाहेर आल्यावर टाकून द्या. समुद्राचं पाणी लागलेली लेन्स पुन्हा डोळ्यात नको.

काच धुरकट होऊ नये म्हणून आतून बाळाच्या शाम्पूचा एक थेंब बोटाने पसरवा आणि हलकंसं विसळा. आता सराव: कमरेइतक्या पाण्यात उभं राहून, तोंड पाण्यात घालून वीस श्वास फक्त तोंडाने घ्या. नळीत पाणी आलं तर श्वास न ओढता जोरात 'थू' करून फुंका. हे तीनदा जमल्याशिवाय खोल पाण्याकडे जाऊ नका. घाबरून घेतलेले उथळ, भराभर श्वास थकवतात. लांब, सावकाश श्वास सोडणं हीच इथली युक्ती. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क आम्ही नवख्यांना सुचवत नाही. त्यात सोडलेली हवा नीट बाहेर गेली नाही तर तीच पुन्हा श्वासात येते, आणि गडबडीत ते पटकन काढता येत नाहीत.

लाइफ जॅकेट बोटीत पाय ठेवल्यापासून अंगावर हवं, बाकाखाली नको. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबईत गेट वेहून एलिफंटाला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि 15 जणांचा जीव गेला. अशा वेळी जॅकेट शोधायला सवड मिळत नाही. बकल लावून झाल्यावर दोन्ही खांद्यांना धरून कुणालातरी वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे. मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा असायलाच हवा, नाहीतर पाण्यात मूल खालून निसटतं.

कोकणात आम्ही तिथीवरून भरती काढतो. अंदमानात हाच हिशेब चालेल का? (रत्नागिरी)

नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे अष्टमीला सहा वाजता, हा आडाखा आपल्या किनाऱ्याचा आहे. बंगालच्या उपसागराची वेळ वेगळी. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी कोष्टकांत पोर्ट ब्लेअरच्या वेळा वेगळ्या दिलेल्या असतात, त्या बघा. बाकीचं ज्ञान मात्र उपयोगी आहे: दिवसातून दोन भरत्या, रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकणाऱ्या, आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाण्याचा सर्वांत जास्त चढउतार, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत कमी.

तुमचा प्रश्न आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो, कारण सहलीचा दिवस ठरवताना भरतीकडे क्वचितच कुणी बघतं. उधाणाच्या ओहोटीला प्रवाळ पाण्याच्या पृष्ठभागाला येऊन लागतो. मग वर तरंगायला जागा उरत नाही, पोट आणि गुडघे खरचटतात, आणि एकेका लाथेसरशी कित्येक वर्षांची वाढ मोडते. शिवाय ओहोटीबरोबर खारफुटीतला गढूळ गाळ बाहेर येतो. भरती चढत असताना मोकळ्या समुद्राचं स्वच्छ पाणी आत येतं, म्हणून पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास बघायला सर्वांत चांगले. तारखा बदलता येत असतील तर असा दिवस निवडा की ही वेळ सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान पडेल. तेव्हा सूर्य डोक्यावर असतो आणि उजेड तळापर्यंत पोहोचतो.

मागच्या वर्षी गेलो तेव्हा प्रवाळ राखाडी-तपकिरीच दिसला. फोटोंतले रंग खोटे असतात का? (पुणे)

बरेचसे प्रवाळ निरोगी असतानाही तपकिरी, शेवाळी किंवा मळकट पिवळेच असतात. हा रंग त्यांच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा. त्यात पाणी लाल उजेड सर्वांत आधी शोषून घेतं, त्यामुळे थोड्याच खोलीवर लालसर गोष्टी विटक्या दिसतात. छायाचित्रकार जवळून दिवा मारतात म्हणून फोटोत रंग येतो. तुम्ही फसलेला नाही.

पण पांढराफटक प्रवाळ दिसला असेल तर ते दुखणं आहे. पाणी आठवडेच्या आठवडे नेहमीपेक्षा एखाददोन अंशांनी तापलं की प्रवाळ आपल्यातलं शैवाल बाहेर टाकतो आणि उपाशी पडतो. 1998 आणि 2010 साली अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर झालं. पाणी वेळेत निवलं तर तो सावरतो, नाहीतर मरतो आणि त्यावर करडं शेवाळ चढतं. राखाडी दिसतं ते बहुधा हे.

म्हणून प्रवाळावर उभं राहू नका, थकलात तरी. सनस्क्रीन झिंक ऑक्साईडचं घ्या. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट या घटकांवर हवाईने प्रवाळासाठी बंदी घातली आहे, तेव्हा ती नावं डबीवर वाचून टाळा. त्याहून चांगलं म्हणजे पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट. पाठ आणि पोटऱ्या पाण्यात असताना भाजतात आणि रात्री खोलीवर गेल्यावर कळतं.

समुद्री साळिंदराचा (काटेरी गोळ्यासारख्या समुद्री जीवाचा) काटा घुसला किंवा जेलीफिश लागला तर? (ठाणे)

काटा घुसलेला भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात (40 ते 45 अंश) अर्धा ते दीड तास बुडवा. पाण्याची ऊब दुसऱ्या माणसाने हाताने तपासावी, कारण दुखऱ्या भागाला ती कळत नाही. वर दिसणारे काटे चिमट्याने काढा, खोल गेलेले डॉक्टरांवर सोडा. जेलीफिशसाठी समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोडं पाणी आणि वाळूने घासणं या दोन्हींनी उरलेल्या डंखपेशी फुटतात. श्वासाला त्रास किंवा छातीत दुखणं सुरू झालं तर लगेच बोटवाल्याला सांगा.

किनाऱ्यावर पडलेले शंख आणि मेलेल्या प्रवाळाचे तुकडे आणले तर चालतील का? (सोलापूर)

नाही. प्रवाळ मेलेला असला तरी 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, आणि कित्येक शंखही. विमानतळावर सामान तपासताना ते सापडतात. प्रवाळ आणू नकाच, आणि शंख हवेच असतील तर परवानाधारक दुकानातून घेऊन पावती हातातल्या पिशवीत ठेवा. मुलांच्या खिशात एखादा तुकडा राहून गेलेला असतो. बोटीत चढण्याआधी खिसे उलटे करून बघा आणि तो तिथेच वाळूवर ठेवा.