गल्लीतला दिवा

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

शिकागोच्या एका नगरसेवकाच्या कार्यालयात तू काम करू लागल्यापासून तुझ्या पत्रांत एकच प्रश्न येतो: एकेकाळचे महापौर रिचर्ड जे. डेली यांच्या पक्षयंत्रणेने लोकांची कामे खरोखर केली, तर तिला नावे का ठेवायची? परवा एका आजींच्या दारासमोरचा फुटलेला पदपथ तुझ्या एका फोनने दुरुस्त झाला, त्यांनी तुझे हात हातात घेतले, आणि तुझा गोंधळ आणखी वाढला.

तो पदपथ त्यांच्या हक्काचा होता. हक्काचे काम उपकार म्हणून करू नकोस आणि करूनही घेऊ नकोस, एवढेच मला सांगायचे आहे.

डेली १९५३ पासून, शिकागो ज्या जिल्ह्यात येते त्या कुक काउंटीच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष होते आणि १९५५ पासून १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत महापौरही होते, त्यामुळे नोकरी देणारा आणि मते मागणारा माणूस एकच झाला. शहराचे पन्नास वॉर्ड, प्रत्येक वॉर्डात पक्षाचा कमिटीमन, म्हणजे वॉर्डप्रमुख, आणि त्याच्या हाताखाली प्रत्येक मतदान केंद्राचा प्रिसिंक्ट कॅप्टन. या कॅप्टनची नोकरी बहुधा सरकारी असे आणि त्याच्या केंद्रातून किती मते पडतात यावर ती टिके. अशा ३०,००० हून अधिक नोकऱ्या पक्षाच्या हाती होत्या. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचा मुलगा बेकार आहे, हे कॅप्टनला ठाऊक असे. ती आस्था खोटी होती असे मी कधीच म्हणणार नाही.

मी १९६८ मध्ये येथे आलो. आमच्या गल्लीतला दिवा तीन महिने बंद होता. कॅप्टनला सांगितल्यावर तो दोन दिवसांत लागला. १९७५ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत, मी नुकताच नागरिक झालो असताना, शेजारच्या कृष्णवर्णीय शिक्षिकेने डेलींविरुद्ध उभ्या असलेल्या रिचर्ड न्यूहाउस यांचा फलक माझ्या खिडकीत लावण्याची विनंती केली. कॅप्टन पाहील म्हणून मी नकार दिला. माझी मुले लहान होती, नोकरी नवी होती, आणि त्या काळी माझ्या जागी दुसऱ्या कोणीही हेच केले असते, असे मी आजही म्हणतो. पण दिव्याचे पैसे माझ्याच करातून गेले होते, मग मी कोणाचे ऋण फेडत होतो?

तू लिहितेस, 'काका, निदान कामे तरी होत होती.' कोणाची, हे विचारायला तू का विसरतेस? दक्षिण भागातील कृष्णवर्णीय वॉर्डांनी वर्षानुवर्षे डेलींना निष्ठेने मते दिली, आणि त्यांच्या वाट्याला महामार्गालगत सोळा मजल्यांच्या अठ्ठावीस इमारतींची रॉबर्ट टेलर होम्स ही वसाहत आली. उपकाराची मागणी करता येत नाही. हक्काचीच करता येते. मायकेल शॅकमन या वकिलाने १९६९ मध्ये दावा दाखल केला आणि १९७२ च्या तडजोडीने राजकीय कारणावरून सरकारी कर्मचाऱ्याला काढून टाकण्यास बंदी आली. कॅप्टनच्या मानेवरचा फास सैल झाला तो त्या दाव्यामुळे, कोणाच्या दयेमुळे नव्हे.

नोकरी सोड, असे मी म्हणत नाही. आजींना फोन कर, हे काम पालिकेचे होते आणि त्यासाठी साहेबांचे आभार मानण्याची गरज नाही, असे त्यांना स्पष्ट सांग, आणि पुढच्या वेळी तक्रार स्वतः कशी नोंदवायची तेही समजावून दे. साहेब रागावतील. त्यांना रागावू दे. ती शिक्षिका पुढच्याच वर्षी घर बदलून गेली आणि तिची क्षमा मागायची माझी राहून गेली.

तुझा काका