वाचकांचे प्रश्न : लाकूड फोडणाऱ्या यंत्राला कोणते इंजिन बसवावे?

प्रश्न : वाळपईजवळ आमची काजूची बागायत आणि फेणीची भट्टी आहे. भट्टीच्या सरपणासाठी ओंडके फोडणारे हायड्रॉलिक यंत्र आम्ही जुने घेतले होते. त्याचे साडेसहा अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन यंदाच्या पावसाळ्यानंतर जाम झाले आहे. पंप दोन टप्प्यांचा असून त्याच्या पट्टीवर मिनिटाला ३६०० फेरे आणि ४२ लिटर असे लिहिले आहे. सिलिंडरचा आतला व्यास १० सेंटीमीटर व दांड्याची धाव ६० सेंटीमीटर आहे. एका दुकानदाराने तेरा अश्वशक्तीचे इंजिन सुचवले, म्हणजे चिंचेचे गाठाळ ओंडकेही फुटतील असे त्याचे म्हणणे. मेहुणे म्हणतात, पाटाच्या पाण्यासाठी वापरायचे ते जुने डिझेल इंजिन पडून आहे, तेच लावावे. आपला सल्ला काय?
— एक बागायतदार, सत्तरी

उत्तर : पैसे मोजण्यापूर्वी जुन्या इंजिनाची एक परीक्षा घ्यावी. पावसाळाभर पडवीत उभे राहिलेले इंजिन जाम होते तेव्हा पुष्कळदा आतले काही तुटलेले नसते; दमट हवेने सिलिंडरला गंज धरून पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून थोडे पातळ तेल सोडावे, दोन-तीन दिवस मुरू द्यावे आणि मग फ्लायव्हील हाताने दोन्ही दिशांना हळूहळू हलवून पाहावे. दोरीला हिसके देऊ नयेत. त्याच वेळी कपलिंग (इंजिन व पंप यांचे शाफ्ट जोडणारा भाग) सोडवून पंपाचा शाफ्टही हाताने फिरवावा, कारण अडकलेला पंपच असेल तर नवे इंजिनही तिथेच अडेल.

इंजिन खरोखरच गेले असेल तर दुकानदाराचा सल्ला मात्र बाजूला ठेवावा. ओंडका फोडणारा जोर इंजिनाच्या आकारावर अवलंबून नसतो. तो तेलाचा दाब आणि सिलिंडरचा व्यास यांवरून ठरतो. आपल्या सिलिंडरचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस सेंटीमीटर येते, आणि तेलाचा दाब मर्यादेपुढे जाऊ न देणारा रिलीफ व्हॉल्व्ह १७० बारला (बार हे दाबाचे माप) उघडत असेल तर जोर साडेतेरा टनांच्या आसपास राहतो, मग मागे पाच अश्वशक्तीचे इंजिन असो वा तेरा. चिंचेचा पिळाचा ओंडका साडेतेरा टनांना दाद देत नसेल, तर तो गाठ टाळून कडेकडेने फोडावा किंवा आधी करवतीने आखूड करावा. जोर वाढवण्यासाठी रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळण्याचा सल्लाही कोणी देईल. नळ्या, सिलिंडर आणि पाचरीची जोडणी त्या दाबासाठी बनवलेली नसते, म्हणून तो मुळीच मानू नये.

इंजिनाला किती शक्ती लागते, हे पंप सांगतो. पाचर लाकडापर्यंत पोचेपर्यंत पंपाचे दोन्ही टप्पे मिळून ४२ लिटर तेल कमी दाबाने ढकलतात. लाकडाने विरोध केला की मोठा टप्पा आपोआप सुटतो आणि लहान टप्पा एकटाच, अशा पंपांत साधारणपणे ११ लिटर, पूर्ण दाबाने ढकलत राहतो. मिनिटाचे लिटर गुणिले बार भागिले ६०० केले की किलोवॅट मिळतात : ११ गुणिले १७० भागिले ६०० म्हणजे ३.१ किलोवॅट, आणि पंपातील घट धरली तर सुमारे ३.७. होंडा जीएक्स१६० हे १६३ सीसीचे इंजिन ३६०० फेऱ्यांना ३.६ किलोवॅट देते, म्हणजे अगदी काठावर. १९६ सीसीचे जीएक्स२०० त्याच फेऱ्यांना ४.१ किलोवॅट देते. त्यामुळे जीएक्स२०० किंवा त्याच मापाचे दुसऱ्या कंपनीचे इंजिन घ्यावे, असे माझे मत आहे. हेच इंजिन पूर्वी साडेसहा अश्वशक्तीचे म्हणून विकले जाई आणि आता साडेपाचचे म्हणून विकले जाते. मोजण्याची रीत बदलली आहे, इंजिन लहान झालेले नाही.

खरी अडचण शक्तीपेक्षा मापांत येते. जुन्या इंजिनाचा शाफ्ट व्हर्नियरने मोजावा, कारण याच वर्गातील इंजिने १९.०५ मिलिमीटर आणि २० मिलिमीटर अशा दोन्ही शाफ्टांनी मिळतात आणि हा फरक डोळ्यांना दिसत नाही. एकाचे कपलिंग दुसऱ्यावर बसत नाही, आणि ठोकून बसवले तर पुन्हा निघत नाही. शाफ्ट सरळ व चावीच्या खाचेचा हवा. पाण्याच्या पंपासाठी आटे पाडलेला शाफ्ट असलेली किंवा फेरे निम्म्यावर आणणारा गिअर लावलेली इंजिनेही दुकानांत त्याच रंगात दिसतात. ती आपल्या कामाची नाहीत. बैठकीच्या चार भोकांतील अंतर जीएक्स१६० आणि जीएक्स२०० या दोन्हींमध्ये १६२ बाय ७५.५ मिलिमीटर असते, त्यामुळे जुने इंजिन याच मापाचे असेल तर नवी भोके पाडावी लागणार नाहीत. तेरा अश्वशक्तीच्या इंजिनाचा शाफ्ट जाड आणि बैठक मोठी असते, म्हणजे कपलिंगपासून पत्र्यापर्यंत सगळेच बदलावे लागेल. बसवताना कपलिंगच्या दोन अर्धांत दीड मिलिमीटरभर फट सोडावी. ते एकमेकांवर दाबून बसवल्यास पंपाचे सील लवकर जाते.

मेहुण्यांचे डिझेल इंजिन १५०० फेऱ्यांचे असेल, तर ते चालेल, फक्त सावकाश. जोर तेवढाच राहील, पण तेल मिनिटाला साडेसतरा लिटरच येईल आणि रिकामी पाचर टोकापर्यंत जायला आज लागणाऱ्या सुमारे ७ सेकंदांऐवजी १६ सेकंद लागतील. भट्टीच्या हंगामात ही कूर्मगती पटणार नाही. शिवाय अशा इंजिनाचे वजन शंभर किलोंच्या पुढे असते, त्यामुळे बागेत ओढत न्यायचे यंत्र अंगणात कायमचे उभे राहील. तरीही लावायचेच असेल, तर फिरण्याची दिशा आधी पाहावी. पंप उलटा फिरला तर तेल ओढत नाही.

पेट्रोलबद्दल एक गोष्ट. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतले पाणी शोषते. भट्टी बंद झाली की टाकी आणि कार्बुरेटर दोन्ही रिकामे करावेत. नव्या इंजिनाचे तेल पहिल्या २० तासांनी आणि मग दर १०० तासांनी बदलावे.

प्रश्न : आमची फोंड्याला बेकरी आहे. लाकूड एकाच जागी फोडतो, तेव्हा इंजिनाऐवजी विजेची मोटर चालेल का? आमचा पंप वरच्यासारखाच आहे.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : चालेल, आणि एका जागच्या यंत्राला तीच उत्तम. मोटर १४४० फेऱ्यांची घेतल्यास पंप मिनिटाला १७ लिटरांच्या आत तेल देईल आणि तेवढ्याला ३ अश्वशक्ती पुरेल. पूर्वीचा वेग हवा असेल तर पंप अडीचपट मोठा लागेल आणि मोटर ५ अश्वशक्तीची, थ्री-फेजवर. कपलिंग जोडण्याआधी मोटर क्षणभर सुरू करून दिशा पाहावी. उलटी असल्यास तीनपैकी कोणत्याही दोन तारा वायरमनकडून अदलाबदल करून घ्याव्यात. स्टार्टरमध्ये जादा भार आल्यास मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले असलाच पाहिजे, कारण अडलेल्या ओंडक्यावर लिव्हर दाबून धरण्याची सवय कामगारांना हमखास असते.