मांड बसेपर्यंत

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. सहा महिने नियमित सराव करूनही बसून ट्रॉट, म्हणजे घोड्याची दुडकी चाल, करताना खोगिरावर आपटणे थांबत नाही, सरावानंतर मांड्या भरून येतात, आणि तोच घोडा दुसरे कोणी बसले की मान सैल सोडून शांतपणे चालू लागतो, असे तू लिहिले आहेस. हे आपल्याला कधी जमणार आहे की नाही, हा प्रश्न तू विचारला नसलास तरी तो मला ओळींमधून दिसला. त्याचे उत्तर मी पत्रातून देऊ शकत नाही. परंतु तू ज्याला अपयश समजते आहेस, त्यातला बराचसा भाग ड्रेसाज, म्हणजे सूक्ष्म सूचनांवर घोड्याला डौलात चालवण्याची कला, शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतो, आणि तो का येतो हे कळले की त्यातून बाहेर पडणे सोपे जाते.

आपल्या भाषेत घोड्यावर मांड ठोकतात आणि पक्की मांड असणाऱ्या स्वाराचे कौतुक होते. या शब्दप्रयोगामुळेच की काय, मांड्यांनी घोडा आवळून धरणे म्हणजे चांगले बसणे, असा समज नवख्या स्वाराच्या मनात घट्ट होतो. ड्रेसाजमध्ये हाच समज सर्वांत जास्त आड येतो. ओला चिंचोका बोटांत दाबला की जसा निसटतो, तसा गुडघे आवळणारा स्वार खोगिरातून वर ढकलला जातो. मग पडण्याच्या भीतीने तो आणखी आवळतो आणि आणखी आपटतो. ट्रॉट ही दोन ठोक्यांची चाल आहे. पुढचा एक पाय आणि त्याच्या तिरक्या बाजूचा मागचा पाय जोडीने पडतात आणि प्रत्येक पावलाबरोबर घोड्याची पाठ खालीवर होते. या हालचालीबरोबर तुझे कंबरेचे हाड पुढेमागे डोलले पाहिजे, आणि त्यासाठी पोटाच्या व पाठीच्या स्नायूंनी क्षणाक्षणाला आळीपाळीने ताणले जाऊन सैल व्हायला हवे. कुशल स्वार बाहेरून निश्चल दिसतो, कारण तो घोड्याइतकाच हलत असतो. तू मात्र तो दिसणारा निश्चलपणा उचललास आणि शरीर ताठ केलेस.

यावर जुना उपाय आहे, आणि त्याला पर्याय मला तरी सापडलेला नाही. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नव्या स्वाराला आधी लाँजवर, म्हणजे शिक्षकाच्या हातातील लांब दोरीवर चालणाऱ्या घोड्यावर, रिकिबी आणि लगामाशिवाय बसवतात. तूही आपल्या शिक्षकांना विनंती करून आठवड्यातून दोनदा असा सराव कर, पण एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. थकलेला स्नायू सैल राहू शकत नाही, तो आवळायलाच लागतो, आणि चाळीस मिनिटे दात-ओठ खाऊन केलेल्या सरावातून शरीर तेवढे आवळणेच शिकते. आपटणे सुरू झाले की लगेच वॉकवर, म्हणजे साध्या संथ चालीवर, ये, श्वास पूर्ण सोड आणि मग पुन्हा सुरू कर. ट्रॉटमध्ये मोठ्याने आकडे मोजत राहा. श्वास रोखून मोजता येत नाही, म्हणून हा साधा उपाय फार उपयोगी पडतो.

हात स्थिर राहत नाहीत, ही तुझी तक्रार मला अगदी समजते. वॉकमध्ये आणि कँटरमध्ये, म्हणजे हलक्या दौडीत, घोड्याचे डोके प्रत्येक पावलाबरोबर पुढेमागे डोलते, तेव्हा तुझ्या कोपरांनी त्याच्यामागे जायला हवे. ट्रॉटमध्ये डोके जवळपास स्थिर असते, पण उठून-बसून ट्रॉट करताना तू स्वतः वरखाली होत असतेस, म्हणून हात जागेवर ठेवण्यासाठी कोपर उघडावे आणि मिटावे लागते. म्हणजे ‘हात स्थिर ठेव’ या एकाच सूचनेचा अर्थ चालीप्रमाणे बदलतो. हे मला स्वतःला बऱ्याच उशिरा कळले, आणि तोपर्यंत एका सहनशील घोडीच्या तोंडाला मी नकळत पुष्कळ त्रास दिला, याचे मला आजही वाईट वाटते.

आता मनाविषयी लिहिते, कारण मला वाटते तुझी खरी अडचण तिथे आहे. तू मेहनती आहेस. आजवर जे जमले नाही ते जास्त जोर लावून जमवलेस. घोड्यापुढे हीच सवय उलटते. अंगावर बसलेली माशी ज्याच्या कातडीला कळते, त्या प्राण्याला तुझ्या टाचेचा जोर कमी पडत नाही. तुझी सूचना केव्हा संपते हे त्याला कळत नसते. घोड्याला शिकवतो तो दाब सुटण्याचा क्षण. तू पायाने दाब दिलास, त्याने पाऊल उचलले आणि तरीही दाब तसाच राहिला, तर आपले उत्तर बरोबर होते हे त्याला कसे समजावे? काही आठवड्यांनी तो तुझ्या पायाकडे लक्ष देणेच सोडतो आणि आपण त्याला आळशी म्हणू लागतो. सूचना दे, उत्तर मिळताच थांब. लिहायला हे पाच शब्द आहेत, पण मेहनती माणसाला थांबण्यासाठी जितके मनोबल लागते तितके क्वचितच कशाला लागत असेल.

थांबण्याचा क्षण ओळखायचा, तर आधी पाय ओळखावे लागतात. वॉकमध्ये डोळे मिटून बस (शिक्षक दोरी धरून असतील तेव्हाच) आणि घोड्याचा डावा मागचा पाय केव्हा उचलला जातो ते मोठ्याने सांग. तो पाय पुढे येताना तुझे डावे बसायचे हाड किंचित खाली जाते. पाय हवेत असतानाच त्याच्यावर सूचनेचा परिणाम होतो. तो जमिनीवर भार घेऊन टेकलेला असताना दिलेली सूचना वाया जाते. पहिले काही दिवस तुझे अंदाज चुकतील. चुकू देत.

भीतीबद्दल तू एकच ओळ लिहून ती खोडली आहेस. तिची लाज बाळगू नकोस. भीती मनात सुरू होते, पण लगेच शरीरात उतरते. खांदे पुढे येतात, टाचा वर जातात, हात मागे ओढतात, आणि काहीतरी संकट आहे अशी बातमी घोड्यापर्यंत पोहोचते. अशा वेळी धीराने घेण्याचा उपदेश स्वतःला करून उपयोग होत नाही. शिक्षकांना स्पष्ट सांग, वॉकवर ये, नजर घोड्याच्या मानेवरून उचलून मैदानाच्या कडेला खुणेसाठी लावलेल्या एखाद्या अक्षरावर ठेव आणि वीस मीटरचे एक वर्तुळ नीट गोल काढ.

पायांत ताकद नाही म्हणून जमत नाही, असेही तू म्हणतेस. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजमध्ये स्त्रियांना प्रथमच भाग घेता आला, आणि त्या वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी रौप्यपदक मिळवले. पोलिओमुळे त्यांचे गुडघ्यांखालचे पाय लुळे झाले होते. घोड्यावर चढण्या-उतरण्यासाठीही त्यांना मदत लागत असे. 1956 मध्ये त्यांनी पुन्हा रौप्यपदक जिंकले. घोड्याशी त्यांचे बोलणे मुख्यतः शरीराच्या भारातून आणि पाठीतून होत असले पाहिजे. मी तुला खोगिरातल्या बैठकीविषयी इतके का लिहिते, ते यावरून तुझ्या ध्यानात येईल.

राहिले परीक्षकांचे गुण. प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण असतात आणि सहा म्हणजे समाधानकारक. तुला सहा मिळाले म्हणून तू रडलीस, हे वाचून मला तुझी काळजी वाटली. पुढचे सहा महिने स्पर्धेत उतरू नकोस, असे मी स्पष्टच सांगते.

पुढच्या पत्रात किती तास सराव केलास ते लिहू नकोस. डावा मागचा पाय डोळे मिटून किती वेळा बरोबर ओळखलास आणि कोणत्या बाजूला बसताना तुझा भार जास्त पडतो, एवढेच लिही. उजवीकडच्या वर्तुळात तुला अधिक त्रास होतो असे दिसते, त्यामुळे त्याविषयी थोडे सविस्तर कळव.

तुझी,
बाई