फिटच्या भीतीने गोळ्या बंद करू नका

प्रश्न : भावाला स्किझोफ्रेनियासाठी क्लोझापिन सुरू केलंय. त्याने फिट येते म्हणतात. बंद करावं का?

उत्तर : फिटचा धोका खरा आहे, पण परस्पर बंद करू नका. मनोविकारांवरच्या बहुतेक गोळ्यांनी ही शक्यता थोडीफार वाढते. क्लोझापिनने ती जास्त वाढते, डोस चढेल तशी. रोजचा डोस ६०० मिलिग्रॅमच्या वर गेला की विशेष. म्हणूनच आम्ही १२.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून सावकाश चढत जातो. गुण यायला वेळ लागतो, घरचे अधीर होतात हे मला कळतं, तरी डॉक्टरांना घाई करायला लावू नका. ४८ तासांहून जास्त खंड पडला तर जुना डोस एकदम देऊ नका. पुन्हा थोड्यापासून सुरू करावं लागतं.

आणि भावाकडे नीट लक्ष ठेवा. हाताला हिसका बसून कप सुटतो का? चालताना गुडघे एकाएकी गळून तो खाली बसतो का? घरचे याला अशक्तपणा समजतात, पण ही मोठ्या फिटची पूर्वसूचना असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

प्रश्न : वडील क्लोझापिनवर आहेत. सिगारेट सोडल्यापासून फार गुंगीत असतात, लाळ गळते. याचा संबंध आहे का?

उत्तर : दाट शक्यता आहे. आजच डॉक्टरांशी बोला. सिगारेटच्या धुरामुळे यकृत हे औषध झपाट्याने संपवतं. धूर थांबला की तोच डोस रक्तात जास्त साठतो आणि फिटचा धोका वाढतो. हे काम धुराचं, निकोटिनचं नव्हे. त्यामुळे निकोटिनची पट्टी लावूनही डोसचा प्रश्न सुटत नाही. सिगारेट सोडली हे फार चांगलं झालं, फक्त डोस त्याप्रमाणे कमी करावा लागतो. जोराचा संसर्ग झाला किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन (जंतुसंसर्गावरचं औषध), फ्लुवोक्सामिन (नैराश्यावरचं औषध) सुरू केलं तरी पातळी अशीच चढते.

प्रश्न : मुलगी क्लोझापिनवर आहे, तिला एकदा फिट आली. आता हे औषध कायमचं बंद करावं लागणार का?

उत्तर : सहसा नाही. आधी कारण शोधतात : डोस, दुखण्यासाठी घेतलेलं ट्रामाडोल, अचानक थांबवलेली झोपेची गोळी, अति पाणी पिऊन उतरलेलं सोडियम. मग डोस कमी करतात, गरज पडल्यास फिटविरोधी औषध जोडतात. त्यातलं व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक असल्याने मुलीच्या बाबतीत हा मुद्दा स्वतःहून काढा. पुन्हा फिट आलीच तर तिला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ पाहा. ५ मिनिटांत थांबली नाही तर लगेच रुग्णवाहिका बोलवा.